शेरा लेखी द्या : साहित्य स्पर्धांच्या परीक्षकांना खुले पत्र

माननीय परीक्षक,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकांच्या कथास्पर्धा, वाचनालयांच्या काव्यस्पर्धा, २७ फेब्रुवारीच्या आसपास गावोगावी होणारे मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम, कॉलेजांच्या एकांकिका, राज्य शासनाची हौशी नाट्यस्पर्धा. या सगळ्यांत नोकरी, शेती, घर सांभाळून लिहिणाऱ्या माणसांचं लेखन तुमच्यापुढे येतं. तुम्ही ते वाचता किंवा पाहता, गुण देता आणि मग बक्षीस समारंभात माईक हातात घेऊन त्याविषयी बोलता. त्या बोलण्याविषयी मला काही सांगायचं आहे.

मी एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात काम करते. महिन्यातून एका रविवारी आमच्याकडे लिहिणारी माणसं जमतात. त्यांत एसटीच्या वर्कशॉपमधला मेकॅनिक आहे, खत-बियाण्यांचं दुकान चालवणारा एक जण आहे, बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, डी.एड. होऊन नोकरीची वाट पाहणारी मुलगी आहे. यांतल्या कुणालाही लेखनातून पैसा मिळालेला नाही, मिळेल अशी आशाही नाही. तरी ते लिहितात, पुन्हा लिहून काढतात, टपालाने नाहीतर ईमेलने स्पर्धांना पाठवतात आणि निकालाच्या दिवशी घरच्यांना घेऊन सभागृहात जाऊन बसतात.

तुम्ही या लोकांशी गोड बोलावं, अशी विनंती मी करणार नाही. गोड बोलण्याने काय होतं ते मी रोज पाहते, त्याविषयी पुढे लिहिते. माझं म्हणणं एवढंच आहे की कठोर बोलण्याचा हक्क वाचनातून मिळतो. ज्याने लेखन शेवटपर्यंत वाचलं आहे आणि जो बोट ठेवून दाखवू शकतो, त्याने हवं तितकं कडक बोलावं. ज्याने वाचलेलं नाही, त्याला सभागृह हसवण्याचाही अधिकार नाही.

आधी एक उदाहरण तुमच्या बाजूचं देते. पुण्याचे महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून महाविद्यालयीन मुलांसाठी पुरुषोत्तम करंडक स्पर्धा घेतात. २०२२ साली अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी तो मानाचा करंडक कुणालाच दिला नाही. त्या दर्जाची एकांकिका झाली नाही, असं त्यांचं मत पडलं. मोठी चर्चा झाली. करोनाची दोन वर्षं काढून मुलं रंगमंचावर उभी राहिली होती, त्यांना असं रिकाम्या हाताने पाठवणं अन्याय आहे, असं अनेकांनी म्हटलं. मला तो अन्याय वाटला नाही, आजही वाटत नाही. करंडकाला काही उंची असेल तर एखाद्या वर्षी ती कुणालाच गाठता येणार नाही, ही शक्यता त्यात धरलेली असते. कुणालातरी द्यायचाच म्हणून दिलेलं बक्षीस घेणाऱ्याच्याही कामाचं नसतं. अंतिम फेरीच्या मुलांना आपण कुठे कमी पडलो हे कळण्याची भूक असते आणि ती भागवली तर ती मुलं करंडकावाचूनही पुढे जातात.

म्हणजे नकाराला माझी हरकत नाही. आता हरकत कशाला आहे ते सांगते.

आमच्या गटातल्या एका अंगणवाडी सेविकेने एक कथा लिहिली. नाव घेत नाही, त्यांना ते आवडणार नाही. कथेतली सेविका एका कुपोषित मुलाचं वजन करते. काट्याला लटकवलेल्या झोळीत मूल रडत असतं. काटा स्थिर होत नाही म्हणून ती एका हाताने झोळी धरते आणि मग तिला शंका येते की आपल्या हाताचा भार वजनात येतोय का. त्याच दिवशी पर्यवेक्षिकेचा फोन आलेला असतो की या महिन्यात बिटातली, म्हणजे तिच्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांतली, तीव्र कुपोषित मुलांची संख्या वाढलेली दिसता कामा नये. रजिस्टर उघडं आहे, पेन हातात आहे. खरं वजन लिहायचं की दोनशे ग्रॅम वाढवून? इथवरची चार पानं ज्या माणसाने लिहिली त्याला लिहिता येतं, याविषयी मला शंका नाही. पुढे मात्र कथा घसरली. मूल दगावतं, आई हंबरडा फोडते आणि एक वाक्य येतं : ‘तिच्या डोळ्यांतून अश्रूंचा असा महापूर लोटला की अंगणातली तुळससुद्धा वाहून गेली.’

शेजारच्या जिल्ह्यात एका स्पर्धेला ती कथा गेली. समारंभात परीक्षकांनी ‘यंदाचे नमुने’ म्हणून काही वाक्यं वाचून दाखवली. त्यांत हे वाक्य होतं. लेखिकेचं नाव घेतलं नाही, पण कथेचं नाव घेतलं. सभागृह खूप हसलं. मग परीक्षक म्हणाले की अशा लोकांना लिहायला सांगतं तरी कोण. त्या बाई नवरा आणि मुलीसोबत मधल्या रांगेत बसलेल्या होत्या. मी त्यांच्या मागच्या रांगेत होते.

वाक्य वाईटच आहे. मीही ते त्यांना सांगितलं असतं. पण त्या परीक्षकांनी काट्याविषयी, झोळीविषयी, त्या दोनशे ग्रॅमविषयी एक शब्द काढला नाही. ती पानं त्यांनी वाचली होती की शेवट चाळून वाक्य उचललं होतं, हे मला सांगता येणार नाही. वाचली असतील तर त्यांनी ती लपवली, आणि वाचली नसतील तर त्यांना बोलण्याचा अधिकार नव्हता. दोन्हींपैकी काहीही खरं असलं, तरी त्या संध्याकाळी लेखिकेला कथेविषयी काहीच कळलं नाही. कळलं ते इतकंच की आपण हसण्याजोग्या आहोत. त्यानंतर बरेच महिने त्या बाई आमच्या रविवारच्या बैठकीला आल्या नाहीत.

पुढे गटातल्या सगळ्यांनी आग्रह केला म्हणून तीच कथा, एक अक्षरही न बदलता, दुसऱ्या एका स्पर्धेला पाठवली. तिथेही बक्षीस मिळालं नाही. पण संहिता परत आली, आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर परीक्षकांनी शाईच्या पेनाने लिहिलं होतं : ‘काट्यावरचं मूल तुम्ही पाहिलेलं आहे. अंगणातला महापूर पाहिलेला नाही. शेवटची तीन पानं खोटी आहेत, काढून टाका. रजिस्टरमध्ये काय लिहिलं ते सांगा आणि थांबा.’

हे काही मऊ बोलणं नाही. तीन पानं खोटी आहेत, असं कुणी माझ्या लेखनाविषयी म्हटलं तर मला रात्रभर झोप लागणार नाही. पण त्या बाई ते पान घेऊन पुढच्याच रविवारी आल्या आणि म्हणाल्या, ताई, यांनी वाचलंय. त्यांनी तीन पानं काढली. कथा रजिस्टरपाशी थांबवली. आता ती कथा वाचून दाखवली की आमच्या खोलीत कुणी लगेच बोलत नाही.

एकच कथा, एकच दोष, दोघांनाही दिसलेला. दुसऱ्या परीक्षकांचं म्हणणं पहिल्यापेक्षा जास्त कठोर होतं, कारण पहिल्याने एका वाक्याची टिंगल केली होती आणि दुसऱ्याने तीन पानं नापास केली होती. तरी त्या माणसाविषयी आमच्या गावात आदर आहे.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की मराठीत थट्टेची मोठी परंपरा आहे. आहेच. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ काढून रविकिरण मंडळ या कवींच्या गटाच्या कवितेची जी रेवडी उडवली, ती आजही वाचून हसू येतं. पण ती कुणाची उडवली ते पाहा. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही त्या काळची मान्यवर मंडळी. त्यांची पुस्तकं निघत होती, कवितावाचनांना गर्दी होत होती, तरुण पोरं त्यांच्यासारखं लिहू पाहत होती. अत्रे तेव्हा विशीतले. खालून वर मारलेला दगड होता तो. आणि हेच अत्रे पुढे, नाव आणि सत्ता दोन्ही हाताशी आल्यावर, एका हौशी लेखनापुढे कसे वागले? बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करताना त्या ओव्या रचत आणि मुलगा सोपानदेव व नात्यातली माणसं त्या उतरवून घेत. सोपानदेव स्वतः कवी, तरी आईची गाणी कुणाला दाखवायला त्यांना संकोच वाटत होता. शेवटी ती वही त्यांनी अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी वाचली, हे बावनकशी सोनं आहे असं म्हणाले, ते महाराष्ट्रापासून लपवून ठेवता येणार नाही असा हट्ट धरला, आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं ते त्यांच्या प्रस्तावनेसह. महाराष्ट्रातल्या सगळ्यांत तिखट जिभेच्या माणसाने ती वही आधी वाचली. त्यात वृत्तात न बसणाऱ्या ओळी, खानदेशी उच्चार, सगळं होतं. थट्टा करायची तर साहित्य भरपूर होतं.

उच्चारांचा विषय निघालाच आहे तर शुद्धलेखनाविषयी बोलते, कारण आमच्या लोकांना सगळ्यांत जास्त मार तिथे बसतो. गुणपत्रिकेत शुद्धलेखनाला गुण ठेवा, माझी ना नाही. मी स्वतः गटातल्या लोकांना १९६२ चे नियम शिकवते, ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून देते. पण ‘पानी’ लिहिणारी माणसं दोन प्रकारची असतात. एकाला ‘पाणी’ लिहायचं असतं आणि चुकतं. दुसऱ्याचं पात्र ‘पानी’च म्हणतं. वऱ्हाडातली म्हातारी ‘पाणी’ म्हणाली तर ती म्हातारी मेली. कुठे चूक आहे आणि कुठे कान आहे हे ओळखणं तुमचं काम आहे आणि त्यासाठी वाक्य वाचावं लागतं, नुसती लाल रेघ पुरत नाही. न आणि ण वरून माईकवर केलेले विनोद आता तरी थांबवा. त्या विनोदाने लेखकाबरोबर त्याचा सगळा मुलूख खजील होतो.

आणि हे आजचं नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केलं आणि तिच्यातून जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांवर टीका केली. फुल्यांचं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ चं. चिपळूणकर मोठे गद्यकार, मराठी गद्याला त्यांनी डौल दिला, हे मी नाकारत नाही. पण फुल्यांनी मांडलेल्या प्रश्नाला भिडण्याऐवजी त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची चेष्टा करण्यात त्यांनी मोठी शक्ती घालवली. दीडशे वर्षांनी निकाल काय लागला ते आपण पाहतोच. फुल्यांचं गद्य आज विद्यापीठांत अभ्यासाला आहे, त्यांच्या व्याकरणाच्या चुका कुणी मोजत बसत नाही. १८८५ मध्ये मराठी लेखकांच्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण आलं तेव्हा फुल्यांनी जायचं नाकारलं आणि पत्र लिहून कारणं कळवली. ज्या मंडळीत आपलं ऐकलंच जाणार नाही तिथे जाऊन बसायचं कशाला, हा त्या पत्राचा रोख. आमच्या गटातून समारंभाला यायचं नाकारणाऱ्या माणसांच्या तोंडून मी जवळपास हेच ऐकते.

याउलट कठोरपणा कसा असतो हे पाहायचं तर गिरगावातल्या मौज प्रकाशनाच्या कचेरीकडे पाहावं. तिथून निघणाऱ्या ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन आलेल्या कथेवर लेखकाशी पत्रं लिहून चर्चा करत, पुन्हा लिहायला लावत, पुन्हा परत पाठवत. नवख्या माणसाची कथा अनेकदा साभार परत येई. पण त्या पत्रांवर घडलेले लेखक पुढे आयुष्यभर ती पत्रं जपून ठेवत. ‘सत्यकथा’ची रुची बंदिस्त होती, गावकुसाबाहेरच्या आणि झोपडपट्टीतल्या लेखनाकडे तिचं दुर्लक्ष झालं, म्हणून स्वतःची छोटी, बंडखोर नियतकालिकं काढणाऱ्या तरुणांनी तिच्या अंकाची होळीही केली. तो राग खरा होता. तरी संपादनाची ती रीत, म्हणजे समोरच्याच्या वाक्याला आपलं वाक्य देण्याची रीत, १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडल्यावर फारशी कुठे उरली नाही, आणि तिची उणीव सगळ्यांत जास्त हौशी माणसाला भासते.

त्या रुचीबाहेरचं लेखन समोर आलं तर काय करावं, याचाही धडा आपल्याकडे आहे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली, १९७२ मध्ये. तेंडुलकर तोवर नामवंत नाटककार. पण ढसाळांच्या कवितेतले कितीतरी शब्द त्यांना कळत नव्हते. ते त्यांनी लपवलं नाही. ढसाळांनाच अर्थ विचारले, त्यांच्याबरोबर त्या कवितेतल्या मुंबईच्या वस्तीत हिंडले आणि प्रस्तावनेत हे सगळं लिहिलं. जे आपल्याला कळलं नाही ते लेखकाला जमलं नाही, असं ते धरून चालले नाहीत. परीक्षकाच्या खुर्चीवर बसताना मला हा प्रसंग सारखा आठवतो. हो, छोट्या स्पर्धांना मीही परीक्षक असते.

म्हणूनच तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. आयोजक निकालाच्या आठ दिवस आधी संहितांचा गठ्ठा आणून देतात. मानधन प्रवासखर्चाइतकं. त्यात हस्ताक्षरं वाचवत नाहीत आणि एकाच विषयावर वीस कविता असतात, आई, बाप, शेतकरी, पाऊस. चिडचिड होते. मग समारंभात ती चिडचिड विनोद होऊन बाहेर पडते आणि लोक हसले की आपलं भाषण रंगलं असं वाटतं. पण हा दोष आयोजकांचा असेल तर तो आयोजकांना सुनवा. आठ दिवसांत शंभर कथा वाचून होत नाहीत, असं माईकवर सांगा. गठ्ठा परत करा. ज्याने प्रवेश फी भरून कथा पाठवली त्याच्या अंगावर तो राग काढू नका.

आता गोड बोलण्याचं. आमच्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर कुणी कविता टाकली की खाली पंचवीस जण ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’ लिहितात. कविता चार मिनिटांपूर्वी आलेली असते. कविता करणाऱ्याला वाटतं, आता संग्रह काढावा. एखादा प्रकाशक कवीकडूनच छपाईचा खर्च घेऊन पुस्तक काढून देतो. तुमच्यासारखं कुणी मोठं नाव प्रस्तावना देतं, प्रकाशन समारंभ होतो, शाल-श्रीफळ होतं. नंतर ते गठ्ठे माझ्या वाचनालयात येतात. भेट म्हणून घ्या, म्हणतात. मी नोंद करून घेते. वर्षानुवर्षं त्यांच्या कार्डावर एकही तारीख पडत नाही. पीएफमधले पैसे काढून छापलेली पुस्तकं आहेत त्यांत. त्या माणसाला वेळेवर कुणी सांगितलं असतं की या साठ कवितांतल्या पाच तुमच्या आहेत आणि उरलेल्या तुम्ही वाचलेल्या कवींच्या आहेत, तर त्याचे पैसे वाचले असते आणि त्या पाच कवितांना बहिणी मिळाल्या असत्या.

हे लिहिताना मला राग येतो आणि तो लपवायचं कारण नाही. स्पर्धेत जी मंडळी हौशी लेखनाला हसतात, त्यांतली काही प्रकाशन समारंभात त्याच दर्जाच्या संग्रहाला ‘मराठी कवितेतलं नवं दालन’ म्हणतात. दोन्ही वेळा पुस्तक न वाचताच बोलणं झालेलं असतं. लिहिणाऱ्याला पहिल्याने लाज मिळते, दुसऱ्याने भ्रम मिळतो, आणि लेखन होतं तिथेच राहतं.

काही जण म्हणतात की खरा लेखक टीकेने मरत नाही, मरतो तो लेखकच नसतो. हे नेहमी टिकून राहिलेल्या माणसांकडे पाहून म्हटलं जातं. जे गप्प झाले ते काय लिहिणार होते याची नोंद कुठे नसते. आमच्या भागातल्या कुपोषणावर सरकारी अहवाल पुष्कळ आहेत. काट्यापाशी उभ्या असलेल्या बाईने लिहिलेली कथा माझ्या माहितीत एकच आहे, आणि ती एका संध्याकाळच्या हशापायी ट्रंकेत गेली होती.

तेव्हा विनंती अशी. प्रत्येक संहितेवर चार ओळी का होईना, लिहून द्या. त्यात लेखकाचं एक वाक्य उतरवा, म्हणजे वाचल्याची खूण राहील. कथा कुठे मोडते ते पान सांगा. काही जमलेलं असेल तर तेही तितक्याच नेमकेपणाने सांगा. ‘भाषा चांगली’ म्हणू नका, कुठली ओळ चांगली ते लिहा. लिहिण्याजोगं काहीच सापडलं नाही तर तसंही लिहा, खाली सही करा. मंचावरून बोलायचं ते निवडलेल्या लेखनाविषयी बोला, तिथे दोषही सांगा. न निवडलेल्याचं वाक्य त्याच्या परवानगीशिवाय वाचून दाखवू नका. समारंभानंतर अर्धा तास थांबा, म्हणजे ज्याला विचारायचं आहे तो येईल. आमची माणसं चहाच्या टेबलापाशी संहिता पिशवीत घेऊन उभी असतात आणि तुमची गाडी निघून गेलेली असते.

आमच्या वाचनालयाची कथास्पर्धा येत्या डिसेंबरात आहे. पत्रकात आम्ही छापणार आहोत की प्रत्येक कथेवर परीक्षकांचा सहीनिशी लेखी अभिप्राय लेखकाला पाठवला जाईल. त्यासाठी पहिल्या चाळीस कथाच घेऊ आणि वाचायला पूर्ण दोन महिने देऊ. हार, शाली आणि फ्लेक्सचा खर्च बंद करून ती रक्कम मानधनात घातली आहे. या अटींवर कथा वाचायला ज्यांची तयारी असेल, त्यांनी गणपतीच्या आत कळवावं.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल